टॉवेलावरचा मोर कुणाचा?

पत्र:

काका, नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, वय २६. वडील यंत्रमागावर आहेत, आई घरी विड्या वळते. पेंटिंगमध्ये जी.डी. आर्ट केलं आणि तेव्हापासून एका डिजिटलच्या (फ्लेक्स बॅनरच्या) दुकानात डिझायनर आहे, पगार १३ हजार. रात्री घरी चारकोलमध्ये कारखान्यातली माणसं काढतो, मागासाठी धाग्याची कांडी भरणाऱ्या बायका, मागावर उभे असलेले कामगार, अशी चाळीसेक चित्रं झालीत. आता एका टॉवेल कारखान्यात डिझायनरची जागा निघालीय, मालक २१ हजार देतो म्हणतात. भेटायला गेलो तर त्यांनी दुसऱ्या कंपनीचा एक मोराचा टॉवेल समोर टाकला आणि म्हणाले, हेच थोडं इकडचं तिकडं करून दे, बघू हात कसा आहे (जरा विचित्र वाटलं, पण ठीक आहे, सगळेच करतात). पुण्यातला माझा वर्गमित्र म्हणतो कारखान्यात गेलास की संपलास, कलेशी गद्दारी आहे ही. आई म्हणते ए.टी.डी. (चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा) कर आणि शाळेत लाग. मला चित्रकार व्हायचंय. काय करू? आणि अजून एक, लोक स्वतःचं स्केच काढून मागतात, त्यांना किती पैसे सांगायचे कळत नाही. परवा एकाचं ५०० मध्ये दिलं, नगरसेवकाच्या माणसाला तर फुकटच द्यावं लागलं.

– रात्रीचा चित्रकार, सोलापूर

उत्तर:

अरे बाळा, जो खरा प्रश्न आहे तो तू कंसात टाकलायस आणि जो प्रश्नच नाही त्याच्यावर डोकं फोडत बसलायस. कारखान्यात नोकरी करण्यात गद्दारीबिद्दारी काही नाही. पण मालकानं दुसऱ्याचा टॉवेल पुढं टाकून 'इकडचं तिकडं कर' म्हटलं, तुला ते खटकलं, आणि लगेच 'सगळेच करतात' लिहून तू पुढं सटकलास. तिथं थांबायचं होतं. येतो त्याच्यावर, पण आधी त्या पुण्याच्या मित्राचं मिटवू, कारण तो तुझ्या डोक्यात ठाण मांडून बसलाय.

त्याच्या रूमचं भाडं कोण भरतं ते काय तू लिहिलेलं नाहीस. घरून येत असेल तर चांगलंच आहे की, एखाद्याचं नशीब असतं, पण मग दुसऱ्याच्या पगाराला नावं ठेवायला निघू नये माणसानं. आणि तो स्वतः लोगो, रील, इव्हेंट असलं काहीबाही करून भाडं भरत असेल (तशी शक्यता जास्त वाटते मला) तर तो तुझ्याशी नाही, स्वतःशीच भांडतोय, त्याला भांडू दे.

आपले सोलापूरचेच शाहीर राम जोशी बघ, पेशवाईच्या शेवटच्या काळातले, शास्त्री-पंडितांच्या घरातला माणूस, संस्कृत शिकलेला, आणि तमाशासाठी लावण्या लिहायला लागला म्हणून घरच्यांनी बाहेर काढलं असं सांगतात. नंतर कीर्तनंही केली. तमाशाच्या फडावर पैसेही कमावले, आणि दोनशे वर्षांनी आपण त्यांची लावणी बघतो, त्या रात्री फडावर किती जमले ते विचारत बसत नाही. हुसेनचं तर तुला कॉलेजात शंभरदा ऐकवलं असेल, १९१५ साली आपल्या पंढरपुरात जन्म, मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवली, लहान मुलांची खेळणी आणि फर्निचर डिझाईन केलं. खरं आहे ते, पण उगाच त्याचा आधार घेऊ नको. होर्डिंग रंगवणारे मुंबईत ढिगानं होते, सगळे हुसेन झाले नाहीत. त्या गोष्टीतनं एवढंच कळतं की होर्डिंगनं हात बिघडत नाही, बाकीचं ज्याचं त्यानं करायचं असतं.

आणि लांब कशाला जातोस, हुतात्मा स्मृती मंदिरात राज्य नाट्य स्पर्धा असते तेव्हा जाऊन बस एकदा. स्टेजवर जे असतात त्यातलं कुणी बँकेत आहे, कुणी एसटीत, कुणी शाळेत, कुणाचं दुकान आहे, दिवसभर तिथं राबून संध्याकाळी तालमीला येतात आणि काय काम करतात बे. त्यांना कुणी येऊन विचारत नाही की तुम्ही खरे नट का पगारी कारकून. चित्रकारालाच कुणी सांगितलंय की बाबा तू उपाशी राहिलास तरच खरा, कळत नाही मला.

आता तुझ्या डिजिटलच्या दुकानाबद्दल. पत्रात तू त्याच्यावर एक ओळ लिहिलीस, तीही नाक मुरडून. मला माहितीय काय चालतं तिथं. शिवजयंती, १४ एप्रिल, गणपती, गड्ड्याची यात्रा आणि बारा महिने वाढदिवस. दहा बाय वीसचं डिजिटल, वर एक मोठा भाऊ गॉगल लावून, मागं वाघ, आणि खाली चाळीस शुभेच्छुकांची मुंडकी. प्रत्येकाचा फोटो वेगळ्या मोबाईलचा, एकावर ऊन डावीकडून, दुसरा ट्यूबलाईटखाली, तिसऱ्याचा लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला म्हणून खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात राहिलेला. त्यांची एक लाईन करायची, सगळ्यांचे चेहरे एका उजेडात आणायचे, आणि रात्री अकराला फोन येतो की माझा फोटो त्याच्यापेक्षा लहान का, मी शाखाध्यक्ष आहे. चेहरे, उजेड, प्रमाण, वर कोण खाली कोण ही उतरंड, हे सगळं तू तिथं रोज हाताळतोस, आणि तुझ्या चारकोलमधली कांडीवाली बाई जर जिवंत दिसत असेल तर त्यात ह्या चाळीस मुंडक्यांचा वाटा आहे हे तू मान किंवा नको मानू. (आधी हेच काम हातानं करणारे पेंटर होते आपल्याकडं, मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चारही लिपीत बोर्ड लिहिणारे, फ्लेक्स आलं आणि त्यांचे ब्रश वाळले, त्यांच्यावर कुणीतरी सविस्तर लिहायला पाहिजे.)

पण तो वाघ कुठून आला? गुगलवरून. वॉटरमार्क पुसून. तेव्हा कुठं होती गद्दारी? हे तुला टोचायला लिहीत नाही, दुकानात तसंच चालतं आणि पंधरा मिनिटांत डिझाईन पाहिजे असतं आणि वर डिझाईन फ्री, फक्त स्क्वेअर फुटाचे पैसे, तर वाघ कोण काढत बसणार. मी एवढंच म्हणतोय की पैसे घेऊन काम केलं की विकला गेलास असं तुला कुणीतरी शिकवलंय, आणि दुसऱ्याचं उचललं तर चालतं हे कुणी न शिकवताच तू शिकलास. बरोबर उलटं पाहिजे होतं.

गिऱ्हाईकाला गुलाबी पाहिजे, भाऊंना गॉगलच पाहिजे, मालकाला मोर पाहिजे, ही त्यांची आवड. ती तुला बटबटीत वाटली तरी करून द्यायचं, पैसे घ्यायचे, घरी जायचं, त्यानं तुझं काही जात नाही. आवड त्यांची, हात तुझा, सरळ व्यवहार आहे. पण दुसऱ्या कुणीतरी आठ दिवस बसून काढलेला मोर, त्याची मान डावीकडची उजवीकडं करून आपला म्हणून द्यायचा, तिथं मात्र नाही म्हणायला शीक. शिकायला म्हणून कॉपी कर, हवी तेवढी कर, कॉलेजात केलीसच की, पण ती विकायला ठेवायची नाही.

आणि गंमत बघ आपल्या गावाची. बाहेरची चादर 'सोलापुरी' म्हणून विकतात म्हणून आपण बोंबलतो, बरोबरच आहे, त्यासाठी तर चादरीला आणि टॉवेललाही जीआय, म्हणजे त्या गावचाच माल अशी कायदेशीर ओळख, घेतलीय आपण. आणि इकडं शेजारच्याचा टॉवेल आणून आपल्याच डिझायनरपुढं टाकतो.

तू म्हणशील कायदा काय म्हणतो. तर डिझाईन कायदा आहे २००० सालचा, त्यात डिझाईन नोंदवलं तर १० वर्षं संरक्षण, पुढं ५ वर्षं वाढवून मिळतं, आणि तसलं नोंदवलेलं डिझाईन मालकानं उचललं तर तो अडकू शकतो. पण नोंदवलेलं नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशी तरतूद आहे की जे डिझाईन नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, त्याचे ५० पेक्षा जास्त नग यंत्रावर निघाले की त्यातला कॉपीराइट संपतो. टॉवेलचे ५० नग म्हणजे किस झाड की पत्ती, एका पाळीत निघतात. म्हणजे कायदा बऱ्याचदा तुझ्या मालकाच्या केसालाही धक्का लावणार नाही, त्यामुळं मालकाला कायद्याची भीती घालायला जाऊ नको, हसेल तो. त्याला धंद्याच्या भाषेत सांग.

मालक वाईटच असेल असं नाही बरं का. व्यापारी त्याला सॅम्पल दाखवून म्हणतो हेच चालतंय, हेच द्या. आणि त्याच्याकडं याआधी आलेल्या पोरांना नेटवरून डाऊनलोड करण्यापलीकडं काही येत नसेल, म्हणून तो सोपी परीक्षा घेतोय. तर तू परत जा आणि सांग, साहेब, हा टॉवेल का विकतोय ते मी बघितलं, बॉर्डर जाड आहे, रंग दोनच आहेत, लांबून दुकानात उठून दिसतो, तसाच उठून दिसेल असं आपलं स्वतःचं काढून आणलंय. आणि तीन डिझाईन पुढं ठेव. नुसतं तोंडानं नाही म्हणालास तर तू आगाऊ पोरगा ठरशील.

ती तीन कुठून आणायची? तुझ्याकडं चाळीस चित्रं पडलीत की. धोट्याचा (आडवा धागा नेतो तो) आकारच घे, दोन्हीकडं निमुळता, मधे पोट, एकामागं एक लावले की बॉर्डर तयार. कांड्यांची रास घे. वडिलांना विचार ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, समोरून आणि वरून कसा दिसतो. गावाची ओळख म्हणून सिद्धेश्वराचं तळं नाहीतर नंदीध्वज घालशील, तर ते नको, टॉवेलनं लोक अंग पुसतात, देवाधर्माचं काही त्याच्यावर आलं की दुसऱ्या दिवशी कारखान्यावर मोर्चा.

आणि हे काम कमी दर्जाचं समजू नको हां. जॅकार्डमध्ये, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या यंत्रणेत, ताण्याचा धागा हुकला बांधलेला, तो वर जाणार का खाली राहणार हे तुझ्या ग्राफवरच्या चौकोनानं ठरतं, पूर्वी त्याचे कार्ड पंच करायचे, प्रत्येक आडव्या धाग्याला एक कार्ड, भोक असेल तिथं हुक उचलणार, आता बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटरवरून जातं पण डोकं तेच. टेरीमध्ये, म्हणजे टॉवेलच्या लूपवाल्या विणीत, तर अजून मजा, लूपच्या दोन रंगांचे ताणे असतात, एक वर आला की दुसरा मागं जातो, म्हणून समोर निळ्यावर पांढरा मोर असला तर टॉवेल उलटला की पांढऱ्यावर निळा. म्हणजे तू एक आकार काढतोस तेव्हा त्याच्या बाजूची रिकामी जागापण काढत असतोस, कारण मागच्या बाजूनं तीच दिसणार आहे. आणि बारीक रेघ चालतच नाही, लूपमध्ये बुडून जाते, मोराच्या पिसाऱ्यातले तुझे नाजूक केस सगळे गायब होतात आणि उरतो तो मूळ आकार, तो दमदार असला तरच मोर दिसतो नाहीतर कोंबडी. चारकोलवाल्याला याच्यापेक्षा चांगली शिकवण नाही. तुझ्या त्या चित्रांत तू तपशील फार भरत असशील असा माझा अंदाज आहे, तुमच्या वयाचे सगळेच भरतात.

तर माझं मत, मालक तुझी डिझाईन घ्यायला तयार झाला तर जा, डोळे झाकून जा. फक्त जाण्याआधी कागदावर दोन गोष्टी पाहिजेत. कॉपीराइट कायद्यात असं आहे की नोकरीचा भाग म्हणून जे काढलं त्याचा पहिला मालक कारखानदार, वेगळा करार नसेल तर. त्यामुळं टॉवेलची डिझाईन त्याची, ते मान्य करून टाक, त्यावर रडायचं नाही, २१ हजार त्याचेच आहेत. पण नेमणुकीच्या पत्रात एक ओळ घालून घे की ड्युटीच्या वेळेबाहेर घरी केलेली चित्रं माझी, त्याच्यावर कारखान्याचा हक्क नाही. आणि दुसरं, माझी डिझाईन मी माझ्या कामाचा नमुना म्हणून दाखवू शकतो. उद्या दुसरीकडं नोकरी मागायला गेलास तर दाखवायला काहीतरी पाहिजे, आणि कॉपीच करत बसलास तर पाच वर्षांनी पण फोल्डर रिकामाच.

तो म्हणाला नाही, मला कॉपीच पाहिजे, तर? तर उठून ये. मला माहितीय महिन्याला ८ हजार म्हणजे वर्षाला ९६ हजार, तुमच्या घरात ते काय आहेत ते मला सांगायची गरज नाही. म्हणून दुकान सोडू नको, चहा घे, नमस्कार कर आणि तीच तीन डिझाईन घेऊन दुसऱ्या कारखान्यात जा, सोलापुरात टॉवेलवाला काय एकच आहे का. आणि समज घरात एखादं आजारपण निघालं, पैशाची अगदीच नड लागली आणि तीच नोकरी घ्यावी लागली, तर घे, तुला कुणी फाशी देत नाही, पण 'सगळेच करतात' म्हणून घेऊ नको, नड आहे म्हणून घेतोय हे स्वतःशी कबूल करून घे आणि बाहेर पडायची तारीख ठरवून घे.

पगार वाढला की वरचे आठच्या आठ घरात घालू नको हे मात्र ऐक माझं. आईच्या हातात पाच दे, दोन बाजूला टाक, आणि एक हजार चित्रांचा, कागद, फिक्सेटिव्ह, फ्रेम, प्रवेश फी. त्या हजाराला घरात कुणी हात लावायचा नाही. आणि चित्रांनी घर चालवलं पाहिजे अशी अट इतक्यात त्यांच्यावर घालू नको, नाहीतर कांडीवाल्या बाईच्या जागी सोफ्यावर शोभणारा गणपती काढायला लागशील आणि तुला कळणारही नाही कधी सुरू झालं ते. मोर टॉवेलावर काढ, पाहिजे तितके काढ, चारकोलमध्ये मात्र कुणाचं ऐकू नको.

चाळीस चित्रं घरात ठेवून काय करणार आहेस? मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत नंबर लागायला वर्षं जातात, नाव टाकून ठेव आणि विसरून जा. राज्य कला प्रदर्शनाला पाठव, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची संस्था आहे, त्यांच्या वार्षिक प्रदर्शनालाही पाठव, नाकारतील, परत पाठव. आणि त्याआधी पूर्व भागातच एखाद्या वाचनालयात नाहीतर मंगल कार्यालयात लग्नाची तारीख नसेल तेव्हा दोन दिवस लाव. ज्यांचे चेहरे काढलेस ते बघायला येतील आणि सरळ तोंडावर सांगतील की माग असा नसतो, धोटा इकडून येतो. पुण्यातला कुठलाही समीक्षक तुला हे सांगू शकणार नाही.

ए.टी.डी.चं आईला नाही म्हणू नको, पण घाईही करू नको, ए.टी.डी. झालं की शाळेत जागा तयारच आहे असं आता राहिलेलं नाही. त्यापेक्षा रविवारी सकाळी चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांचा क्लास काढ घरातच, दहावीला वाढीव मार्क मिळतात म्हणून पालक पोरं पाठवतात, आईला पोरगा मास्तर झाल्यासारखं वाटेल आणि तुझा हात चालू राहील.

राहिलं स्केचचं. तुझी आई हजार विड्यांची मजुरी किती ते झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगेल, वडील आपला दर सांगतील, आणि त्यांचा पोरगा भाव सांगायला लाजतो, असं कसं चालेल? हिशोब कर. १३ हजार भागिले २६ म्हणजे दिवसाचे ५०० झाले. एका स्केचला तुझ्या दोन रात्री जात असतील तर ५०० मध्ये तू डिजिटलवाल्यापेक्षा स्वस्तात विकलास स्वतःला. नवीन पगारानं दिवसाचे ८०० पडतात, दोन दिवसांचे १६००, वर कागद आणि फ्रेम, म्हणजे ए-थ्रीला २००० च्या खाली बोलायचं नाही, अर्धे आधी घ्यायचे, फोटो नीट पाहिजे, आणि 'नाक जरा लहान कर' एकदाच. महाग वाटलं तर जाऊ दे, दहातले सात जातील, राहिलेले तीन पैसे देतील आणि भिंतीवर लावतील.

आणि नगरसेवकाचा माणूस परत आला की हसून विचार, साहेबांना वाढदिवसाला भेट द्यायचीय ना तुम्हाला, मग बिल तुमच्या नावानं करू का साहेबांच्या?